विषाद आणि वैराग्य : साथीच्या काळातील वृद्ध वारकऱ्यांचे आरोग्य

गीतेचा पहिला अध्याय विषादाचा आहे. पारायणाला बसणारा प्रत्येक वारकरी तो वाचतो. पण युद्धभूमीची गोष्ट म्हणून वाचतो आणि पुढे सरकतो. आज त्या अध्यायाकडे जरा निराळ्या नजरेने पाहावयाचे आहे. अर्जुनाला झाले तरी काय? हातपाय गळाले, तोंडाला कोरड पडली, अंगाला कंप सुटला, कातडीची आग होऊ लागली, धनुष्य हातातून निसटले, धड उभे राहवेना, मन भ्रमल्यासारखे झाले आणि जिकडे पाहावे तिकडे अपशकुनच दिसू लागले. मग तो म्हणू लागला की मला जय नको, राज्य नको, सुख नको. शत्रूने मारले तरी पत्करले. पुढच्या अध्यायात तर भिक्षा मागून पोट भरणे बरे, इथपर्यंत त्याची मजल गेली.

वरवर पाहता हे बोलणे केवढ्या विरक्ताचे वाटते! हातात आलेले राज्य नको म्हणणारा माणूस जगात कितीसा सापडतो? पण भगवंतांनी त्याला शाबासकी दिली नाही. त्यांनी ओळखले की हे वैराग्य नव्हे, हा विषाद आहे. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर माउलींनी देवाला वैद्याची उपमा दिली आहे, ती याच प्रसंगी. अवघड दुखणे पाहून वैद्य जसा औषधाची योजना मनात आणतो, तसा देव अर्जुनाचा विचार करीत होता, असा त्या दृष्टांताचा भाव आहे. देवाने आधी त्याला टोचून बोलून घेतले हे खरे. पण त्याला तसाच सोडून दिले नाही. रथ तेथेच उभा ठेवला आणि अठरा अध्याय त्याच्याशी बोलत राहिला.

हा विषय काढण्याचे कारण असे. मार्च २०२० पासून पुढे दोन वर्षे कोरोनाच्या साथीने आपल्या संप्रदायातील म्हाताऱ्या माणसांवर जे गुदरले, त्याचा हिशेब बहुतेक ठिकाणी मृतांच्या संख्येने केला जातो. जे वाचले, पण घरातल्या घरात विझत गेले, त्यांचा हिशेब कोणी ठेवला नाही. त्यांतील कित्येकांविषयी घरचे लोक म्हणत, 'आता बाबांचे लक्ष देवाकडे लागले आहे, संसारातून मन निघाले.' अहो, मन संसारातून निघाले होते की आजाराने धरले होते, हे पाहिले कोणी? साथ एकदाच येऊन जाते असे नाही. म्हणून हे दोन्ही ओळखता येणे हा पाठ आपण करून ठेवला पाहिजे.

आधी काय घडले ते थोडक्यात आठवू. पंढरीचे विठ्ठल मंदिर १७ मार्च २०२० रोजी दर्शनासाठी बंद झाले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. त्या वर्षी १२ जूनला देहूहून आणि १३ जूनला आळंदीहून पालख्यांचे प्रस्थान झाले ते मोजक्या माणसांत, आणि पादुका तेथेच मुक्कामी राहिल्या. दशमीच्या दिवशी, ३० जूनला, त्या एस.टी.च्या गाडीतून पंढरीस गेल्या. १ जुलैची आषाढी वारकऱ्यांवाचून झाली. पुढच्या वर्षी, २० जुलै २०२१ च्या आषाढीलाही मानाच्या पालख्या बसनेच गेल्या. पायी वारी पुन्हा निघाली ती २०२२ साली.

ज्याने चाळीस-चाळीस वर्षे वारी चुकवली नाही त्याला दोन वर्षे घरात बसावे लागले. यात केवळ एक व्रत मोडले, असे बाहेरच्या माणसाला वाटेल. वास्तविक वारी म्हणजे म्हाताऱ्या माणसाचे अर्धे आरोग्यच होते. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटरची चाल. त्या चालीसाठी महिना-दोन महिने आधीपासून पायांना लावलेली सवय. पहाटे उठणे, वेळेवर दोन घास, रात्री कीर्तन, आणि सतत माणसांत असणे. शिवाय दिंडीत प्रत्येकाला काहीतरी काम असते. कोणी विणेकरी, कोणी पताका धरणारा, कोणी पाण्याची व्यवस्था पाहणारा. घरी ज्याला कोणी विचारीत नाही, त्याचा दिंडीत नंबर ठरलेला असतो आणि तो जागेवर नसला तर शोधाशोध होते. हे सगळे एका दिवसात थांबले. पाय थांबले, सोबत थांबली, वेळापत्रक थांबले, आणि 'माझ्यावाचून अडते' ही भावनाही थांबली.

एक आजोबा डोळ्यांपुढे आणा. असे आजोबा त्या काळात गावोगाव होते. पहिला महिना टी.व्ही.वर आकडे पाहण्यात गेला. मग टी.व्ही. नको झाला. हरिपाठाला बसत, पण मध्येच उठत. जेवताना 'भूक नाही' म्हणत. रात्री तीनला जाग येई ती येईच. अंग दुखते, छातीत धडधडते, पोट साफ होत नाही, अशा तक्रारी चालू. तपासावे तर काही सापडेना. पुढे तक्रारीही बंद झाल्या. ओसरीवर भिंतीला टेकून बसत. सुनेला वाटले, सुधारले.

विषाद कसा ओळखावा

म्हाताऱ्या माणसाचा विषाद रडत येत नाही, हे पहिले ध्यानात घ्यावे. तरुण माणूस म्हणेल, मला वाईट वाटते. सत्तरीचा माणूस म्हणेल, गुडघा दुखतो. मन म्हणून काही दुखते, असे बोलण्याची आपल्याकडे रीतच नाही. म्हणून तो देहाच्या भाषेत बोलतो: झोप नाही, भूक नाही, शक्ती नाही, विसरायला होते. अर्जुनाची लक्षणे पुन्हा वाचून पाहा. त्यांतील निम्म्याहून अधिक देहाचीच आहेत.

मग वैराग्याशी याची गल्लत का होते? कारण आपल्या संतवाङ्मयात 'उदास' हा शब्द चांगल्या अर्थाने येतो. विषयांची ओढ सुटलेला तो उदास. व्यवहारात मात्र 'उदास' म्हणजे खिन्न. शब्द एकच, पण अवस्था दोन. फरक असा पाहावा. विरक्ताची वस्तूंवरची ओढ कमी होते, पण नामाची गोडी कमी होत नाही, उलट वाढते. विषाद झालेल्याला नामही बेचव लागते. टाळ हातात घ्यावासा वाटत नाही, पोथी उघडावीशी वाटत नाही, नातू मांडीवर बसला तरी काही वाटत नाही. विरक्त मिळेल ते खातो आणि स्वस्थ झोपतो. विषाद झालेल्याची झोप मोडते आणि अन्न घशाखाली उतरत नाही. विरक्ताला दुसऱ्याचे दुःख अधिक कळू लागते. विषादात माणूस स्वतःलाच कोसत राहतो, 'मी ओझे झालो, माझ्यामुळे पोरांना त्रास.' वैराग्याने माणूस हलका होतो. हा तर दिवसेंदिवस जड होत जातो.

असे दिवसाचा बहुतेक वेळ आणि सलग दोन आठवडे चालले असेल, तर ते दुखणे समजून डॉक्टरांकडे जावे. चार दिवसांची खंत, कोणी गेल्याचे दुःख, वारी चुकल्याची हुरहुर हा आजार नव्हे. दुःखात माणूस रडतो, मग आठवणीने हसतोही. विषादात दोन्ही आटते.

'आता पांडुरंगाने न्यावे' हे वाक्य आपल्या घरोघरच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असते आणि बहुधा ते सहज म्हटलेले असते. पण तेच बोलणे वाढले, त्याबरोबर जेवण किंवा चालू औषधे नाकारणे आले, जवळच्या वस्तू वाटून टाकणे आले, तर ते सहज समजू नये. सरळ, प्रेमाने विचारावे: 'जीव नकोसा झाला आहे का? काही करून घ्यावे असे मनात येते का?' विचारल्याने तसे मनात भरते, ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने माणूस बहुधा मोकळा होतो. मग त्याला एकटे ठेवू नये आणि त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी. येथे कोणी माउलींच्या समाधीचा दाखला देऊ नये. ज्ञानदेवांनी १२९६ साली आळंदीस समाधी घेतली ती ग्रंथ लिहून, तीर्थे करून, सगळ्या संतमेळ्याच्या साक्षीने. अन्न सोडून भिंतीकडे तोंड करून पडलेल्या आजोबांची त्याच्याशी तुलना करणे हा माउलींचाही अवमान आहे आणि आजोबांचाही घात आहे.

आणखी एक भेद सांगितलाच पाहिजे. विषाद हळूहळू, आठवड्या-आठवड्याने येतो. पण काल नीट बोलणारी आजी आज सकाळी एकाएकी बरळू लागली, माणसे ओळखेना, किंवा दिवसभर झोपून राहिली, तर तो विषाद नव्हे. वृद्धांना जंतूचा संसर्ग झाला की कित्येकदा ताप येतच नाही, खोकलाही नसतो. भ्रम होणे, पडणे किंवा खाणे एकदम बंद होणे हेच पहिले लक्षण असते. कोरोनातही हे दिसून आले. अशा वेळी 'वय झाले' म्हणत बसू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

डॉक्टर काय करतात? आधी मनाला विषादासारखे भासवणारे देहाचे विकार तपासतात: थायरॉइड, रक्तातील साखर, रक्ताची कमतरता आणि ब-१२ जीवनसत्त्व. या शेवटच्या गोष्टीकडे माळकऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे. आपण शाकाहारी, आणि हे जीवनसत्त्व भाजीपाल्यात नसते, दूध, दही, ताक यांत थोडे असते. म्हातारपणी ते शरीरात शोषलेही कमी जाते. त्याच्या अभावाने खिन्नता येते, विसर पडतो, पायांना मुंग्या येतात, तोल जातो. याचे औषध स्वस्त आहे, पण तपासल्याशिवाय समजत नाही. खरा विषाद असेल तर त्यावरही गोळ्या आहेत आणि समुपदेशनही आहे. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी अधिकही लागतात. 'आठ दिवस घेतल्या, काही फरक नाही' म्हणून सोडू नयेत; आणि बरे वाटले म्हणून मनाने बंदही करू नयेत.

कोणी म्हणेल, नामस्मरणाने मन बरे होत नाही काय? होते, पुष्कळांचे होते. पण ज्याचे मन नामाला बसूच शकत नाही, त्याला 'नाम घे' म्हणणे हे पाय मोडलेल्याला 'चाल' म्हणण्यासारखे आहे. आधी पाय बांधावा.

बंद खोलीतील भजन

'देव तारी त्याला कोण मारी' ही म्हण साथीच्या काळात फार ऐकू आली. आषाढाच्या पावसात चालताना वारकरी डोक्यावर घोंगडी किंवा इरले घेतो. त्यात त्याचा देवावर अविश्वास आहे असे कोणी म्हणत नाही. मग तोंडावर पट्टी बांधण्यात कसला अविश्वास?

कोरोनाचा रोग मुख्यतः श्वासावाटे, बंद जागेतील हवेतून पसरतो. बोलण्याने जितका पसरतो त्याहून अधिक मोठ्याने गाण्याने. याचे एक उदाहरण आपल्याला फार लागू आहे, ते परदेशचे असले तरी सांगतो. आपल्याकडे जशी भजनी मंडळे तशी तिकडे गायकमंडळे असतात. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात अशा एका मंडळाचे ६१ लोक १० मार्च २०२० रोजी अडीच तासांच्या सरावाला जमले. बहुतेक वयस्क. त्यांतील एकाला सर्दीसारखा त्रास होता. पुढे एकंदर ५३ जणांना आजार झाला आणि दोघे दगावले. आपल्या गावच्या देवळात, दारे लावून, खांद्याला खांदा लावून चाललेला हरिपाठ डोळ्यांपुढे आणला म्हणजे यातील धोका वेगळा सांगावा लागत नाही. साथ चालू असताना भजन उघड्या अंगणात, थोड्या माणसांत, अंतर ठेवून करावे, किंवा आपापल्या घरी ठरलेल्या एकाच वेळी करावे.

आपल्या काही सुंदर चालीरीतीही साथीपुरत्या आवरत्या घ्याव्या लागतात. एकमेकांच्या पाया पडणे, उराभेट, एकाच बोटाने सगळ्यांच्या कपाळी बुक्का लावणे, हातातून हातात प्रसाद देणे, एकाच तांब्याने पाणी पिणे. दुरून हात जोडले तरी 'माउली' म्हणता येते. आणि माळ गळ्यात पण तंबाखूची पुडी कमरेला, हा प्रकार तर साथ असो वा नसो, सोडावाच. जो दारूला शिवत नाही त्याने भिंतीवर पिंक टाकावी, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

पट्टीने एक अडचण झाली ती तरुणांच्या लक्षात आली नाही. कमी ऐकू येणारी म्हातारी माणसे समोरच्याच्या ओठांवरून बोलणे ओळखतात. ओठच झाकले तेव्हा त्यांना काहीच समजेना, आणि ती बोलण्यातूनच निघून गेली. अशा माणसाशी दुरून, पण समोर उभे राहून, सावकाश बोलावे. ओरडू नये.

लसीविषयी. आपल्याकडे साठ वर्षांवरील लोकांना कोरोनाची लस १ मार्च २०२१ पासून मिळू लागली. काहींनी घेतली, काहींनी अफवांना भिऊन टाळली. लसीने एक-दोन दिवस अंग दुखेल, ताप येईल. पण आजार प्राणावर बेतण्याचा संभव पुष्कळ कमी होतो, आणि वय जितके अधिक तितका हा फायदा मोठा. पंढरीच्या यात्रेला आणि लस टोचण्याला काही नवे नाते नाही. पटकीच्या साथी यात्रेच्या पाठोपाठ येत, त्या काळात यात्रेकरूंना पटकीची लस टोचून घ्यावी लागे. जुन्या लोकांनी ती दंडावर घेऊन चंद्रभागेत स्नान केले आहे. वृद्धांनी दर वर्षीची फ्लूची लस आणि न्यूमोनियाची लस यांविषयीही आपल्या डॉक्टरांस विचारावे.

१९१८ सालच्या इन्फ्लुएन्झाने मुंबई इलाख्यात हाहाकार केला, पण त्या साथीत वीस ते चाळीस वर्षांची कर्ती माणसे फार गेली. कोरोनाचा रोख उलटा होता. त्याने वृद्धांना गाठले. म्हणूनच घरच्यांनी म्हाताऱ्या माणसांना घरात जपून ठेवले, ते योग्यच केले. चुकले ते इतकेच की जपणे आणि कोंडणे यांतील अंतर राहिले नाही.

देहाकडे पाहणे

तेराव्या अध्यायात ज्ञानेश्वर माउलींनी म्हातारपणाचे वर्णन केले आहे, ते वाचताना अंगावर काटा येतो. डोळे, दात, कान, हातपाय, एकेक अवयव कसा दगा देतो हे त्यांनी इतके बारकाईने सांगितले आहे की वैद्यालाही नवल वाटावे. आणि हे सांगणारे स्वतः विशीच्या आतबाहेरचे होते! पण त्याचा हेतू भिववण्याचा नाही. ज्ञानी माणूस म्हातारपण येण्याच्या आधीच ते ओळखून सावध होतो, हा तेथील आशय आहे. आजच्या भाषेत याला प्रतिबंधक आरोग्य म्हणतात.

सहाव्या अध्यायात त्याची रीत आहे: खाणे मापाने, चालणे मापाने, बोलणे मापाने, झोप वेळेवर. अति खाणाऱ्याला योग नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही. साथीच्या काळात हे माप दोन्ही बाजूंनी बिघडले. चालणे तुटले, आणि एकादशीला साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे मात्र नित्यासारखे चालू राहिले. मधुमेही माणसाने साबुदाण्याच्या खिचडीला 'उपास' म्हणावे का, याचा विचार करावा. उलट साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने कडक उपास केला तर साखर एकदम उतरून चक्कर येते, घाम फुटतो, शुद्धही हरपते. अशांनी उपासाच्या दिवशी औषध किती व केव्हा घ्यावे हे आधीच विचारून ठेवावे. निर्जळी तर वृद्धांनी करूच नये. म्हातारपणी तहान लागल्याचे समजतही नाही, आणि पाणी कमी पडले की भ्रम होतो, तोल जातो.

चालण्याबद्दल थोडे अधिक सांगतो, कारण वारकऱ्याचे सगळे बळ पायांत. म्हातारा माणूस आठ-दहा दिवस जरी अंथरुणावर पडून राहिला तरी मांड्यांचे स्नायू झपाट्याने उतरतात, आणि ते परत मिळवायला त्याच्या कित्येक पट दिवस लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने पासष्टीपुढील माणसांसाठीही आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम हालचाल सांगितली आहे, आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस. अंगणात सकाळी दहा आणि संध्याकाळी दहा-बारा मिनिटे फेऱ्या घातल्या तरी हा आकडा गाठता येतो. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, इतका वेग पुरे. पाटावर किंवा खुर्चीवर बसून, हाताचा आधार न घेता दहा वेळा उठावे. आणि तोलाच्या व्यायामासाठी आपल्याला परक्याकडे जायला नको. भजनातील पाउली म्हणजे काय? एक पाऊल पुढे, एक मागे, एक बाजूला, तालावर. भिंतीजवळ किंवा खाटेचा कठडा धरून घरात पाच मिनिटे पाउली करावी. गुडघे फार दुखत असतील तर बसून टाळ वाजवावा, पण ताठ बसावे.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत राज्याच्या आरोग्य खात्याने घरच्या घरी करावयाची सहा मिनिटे चालण्याची चाचणी सांगितली होती. बोटाला ऑक्सिजन मोजण्याचे यंत्र लावून आकडा पाहावयाचा, सपाट जागेवर सहा मिनिटे चालायचे, साठीच्या पुढे असेल तर तीन मिनिटेच, आणि पुन्हा आकडा पाहावयाचा. तो ९३ च्या खाली गेला, तीनापेक्षा अधिक उतरला, किंवा धाप लागली, तर दवाखान्यात जायचे. बसल्या जागी ज्यांना काही वाटत नव्हते अशांचे लपलेले दुखणे यातून ध्यानात येई. दम्याच्या रोग्याने ही चाचणी करू नये. असे यंत्र गावच्या भजनी मंडळाने एखादे घेऊन ठेवले तर पखवाजाइतकेच उपयोगी पडेल.

साथीच्या भीतीने दुसऱ्या दुखण्यांकडे दुर्लक्ष होते, तेही फार महाग पडते. २०२० साली मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया लांबणीवर पडल्या. दिसेना म्हणून पोथी बंद झाली; पोथी बंद झाली म्हणून दिवस खायला उठला; अंधूक दिसण्याने उंबऱ्याला पाय अडखळून पडणे झाले; आणि पडण्याच्या भीतीने चालणेही थांबले. एका डोळ्याच्या पडद्यावरून माणूस अंथरुणापर्यंत असा जातो. रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या म्हणून तशाच राहू देऊ नयेत. काढा दिवसातून दहा वेळा पिऊ नये; मिरे-सुंठीचेही माप असते.

घरच्यांनी आणि दिंडीने

म्हाताऱ्या बायकांची गोष्ट थोडी वेगळी, आणि ती सहसा कोणी लिहीत नाही. डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या कित्येक मायमाउल्यांना वर्षातून तेवढेच तीन आठवडे चुलीपासून सुट्टी असते. टाळेबंदीत मुले, सुना, नातवंडे सगळी शहरातून घरी आली. आजी एकटी पडली नाही, उलट ती माणसांत बुडाली. दिवसभर भाकरी, भांडी, आणि वारी नाही. तिच्या थकव्याला कोणी विषाद म्हटले नाही, कारण ती काम करीत होती. तिला संध्याकाळचा एक तास तिचा स्वतःचा द्यावा, आणि त्या तासात तिला कोणी हाक मारू नये.

आजोबांचे उलटे. त्यांना आराम देऊ नये, काम द्यावे. वाती वळणे, तुळशीला पाणी, धान्य निवडणे, नातवाला हरिपाठ पाठ करून घेणे. परगावचा मुलगा असेल तर त्याने 'कसे आहात, बरे ना, ठेवतो' असा फोन करू नये. रोज ठरलेल्या वेळी करावा आणि काहीतरी विचारावे: यंदा पेरणी केव्हा करू, अमुक अभंगाची चाल कोणती. सल्ला विचारलेला माणूस दुसऱ्या दिवशीच्या फोनची वाट पाहतो. बातम्या दिवसातून एकदा ऐकाव्यात. मृतांचे आकडे दिवसभर कानावर पडू दिले तर धडधाकट माणसाचाही धीर सुटतो.

साथीत ज्यांची माणसे गेली त्यांना शेवटचे दर्शनही झाले नाही. देह गुंडाळून आले, अंत्यविधीला वीसच माणसांची मुभा, खांदा द्यायला कोणी नाही. पन्नास वर्षांचा संसार असा एका दारात संपला. अशा विधवा किंवा विधुर वृद्धांचे दुःख अडकून राहते. 'झाले ते झाले' म्हणून ते मिटवू नये. साथ ओसरल्यावर तिथीला गावातील माणसे बोलवावीत, गेलेल्याविषयी प्रत्येकाने दोन शब्द बोलावेत, त्याच्या नावाने कीर्तन ठेवावे, आणि मागे राहिलेल्याला बोलू द्यावे. तेच तेच सांगतील, तरी ऐकावे. वर्ष उलटूनही जेवणखाण लागत नसेल तर डॉक्टरांस दाखवावे.

दिंडीचालकांकडे एक मागणे आहे. आपल्याजवळ नोंदवही असते. साथ येवो किंवा पूर येवो, वारी थांबली की त्या वहीतील साठीच्या पुढची नावे काढून वाटून घ्यावीत. एकेका तरुणाकडे पाच-पाच. दर एकादशीला त्याने फोन करावा किंवा दारात जाऊन यावे. जेवण, झोप, औषध आणि हरिपाठ, एवढे चारच प्रश्न विचारावेत. चौघांपैकी दोहोंना 'नाही' आले आणि पुढच्या एकादशीलाही तसेच आले, तर घरच्यांना सांगावे. मनाच्या दुखण्यासाठी सरकारची 'टेली-मानस' नावाची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ हा क्रमांक आहे. हे दोन्ही आकडे देवळाच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत.

आणि ज्यांची वारी मध्ये तुटली व आता पुन्हा निघायचे आहे, त्यांनी जुन्या हिशेबाने उठून चालू लागू नये. प्रस्थानाच्या दोन महिने आधी डॉक्टरांना दाखवावे, रोजची चाल हळूहळू वाढवावी, आणि जमणार नाही तेथे दिंडीच्या गाडीत बसायला लाजू नये. चालू औषधे, त्यांची मात्रा आणि घरचा फोन एका कागदावर लिहून तो पडशीत अगदी वर, बुक्क्याच्या डबीशेजारी ठेवावा, म्हणजे वाटेत शोधाशोध होणार नाही.